हजारोंबरोबर गायलेला शब्द

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड लागते. आपलं बोलणं आजूबाजूला कुणालाच कळत नाही अशी त्याची पक्की समजूत होऊन बसते, आणि मग तो ट्रेनमध्ये, रांगेत, दवाखान्यात, समोरच्या माणसाबद्दल त्याच्या समोरच खुशाल बोलायला लागतो. मलाही ती लागली होती. पूर्व लंडनमधल्या आमच्या इल्फर्डमध्ये हिंदी, पंजाबी, उर्दू, गुजराती कळणारे पावलोपावली भेटतात, त्यामुळे त्या भाषांत मी जपून असायचो. मराठीत मात्र तोंडाला कुलूप नव्हतं.

एका गुरुवारी संध्याकाळी भाजीच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारी बाई, बुटकी, जाड तपकिरी कोट, डोक्यावर लोकरीची टोपी. काउंटरशेजारी नारळांची टोपली होती आणि बाई एकेक नारळ कानाशी नेऊन हलवून बघत होत्या. चौथ्या नारळाला माझा धीर सुटला. फोनवर बायको होती. मी तिला म्हटलं, "थांब जरा, पुढे एक आजीबाई आहेत. नारळ निवडतायत की जावई, देव जाणे."

बाईंनी हातातला नारळ खाली ठेवला, मागे वळल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "जावई नाही हो हलवून बघितला तेव्हा, म्हणून आता नारळ तरी बघते."

फोनवर बायको हसत सुटली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांची पिशवी त्यांच्या घरापर्यंत उचलून नेली. तेवढ्या दहा मिनिटांत कळलं ते असं. बाई बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. मुंबईत वाढल्या, लग्न होऊन लंडनला आल्या त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. नवरा वारला. बहिणीशी फोनवर मराठीत बोलणं व्हायचं, ती बहीणही वारली. मुलीला मराठी समजतं पण बोलत नाही, नात चार वाक्यं बोलते. "दोन वर्षं झाली, मी फक्त स्वतःशीच मराठीत बोलते," दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आणि मला माझा कंटाळा आलाय. रविवारी ये चहाला."

मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. रविवारी सकाळी जायचं हे ठरूनच गेलं. त्यांची मराठी त्या बोटीत बसल्या त्या दिवशी जिथे होती तिथेच थांबली होती. त्या हॉस्पिटलला इस्पितळ म्हणायच्या, पोस्टाला पोष्ट म्हणायच्या, आणि मी "मावशी, मीटिंग पोस्टपोन झाली म्हणून अर्ली आलो" म्हटलं की कपाळाला हात लावायच्या. "तुझ्या मराठीत मराठी कुठं ठेवलीयस ते एकदा दाखव मला," असं त्यांचं ठरलेलं होतं.

एकदाच त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता, आणि तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी इंटरनेटवर त्यांच्या समाजाबद्दल वाचून गेलो होतो. माझं ज्ञान पाजळायची मला हौसच. म्हटलं, "म्हणजे मावशी, तुम्ही शनवार तेली! तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव." त्या म्हणाल्या, "हं. आमची आजी स्वतःच म्हणायची तसं. गावातल्या कुणी म्हटलं की आई पाणी भरायला उठून जायची." मग त्यांनी विषय बदलला. मी तो बदलू दिला आणि दुसरं बिस्किट घेतलं.

त्यांच्याकडे त्यांच्या आईची एक वही होती. निळ्या शाईत लिहिलेली, कडा झडलेली, देवाची आणि नबींची मराठी गाणी. मावशींची नजर अधू झालेली, अक्षर फिकं. मी एक युक्ती काढली. वहीच्या पानांचे फोटो काढायचे, फोनवर दोन बोटांनी मोठे करायचे आणि फोन त्यांच्या हातात द्यायचा. त्या पहिल्या दिवशी आईचं अक्षर त्यांच्या तळहाताएवढं झालं तेव्हा त्यांनी कितीतरी वेळ एकाच शब्दावर बोट ठेवलं होतं. पाठ केलेल्या ओळी त्या म्हणायच्या, विसरलेल्या मी वाचायचो, आणि चाल तर त्यांनाच ठाऊक.

मग नातीचं लग्न ठरलं. लग्नाआधी त्यांच्यात मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर, वेलदोडे, सुका मेवा असं कालवून ताटात मांडतात, भोवती फळं ठेवतात, एलियाहू नबींची आठवण काढून प्रार्थना म्हणतात आणि मग सगळ्यांना वाटतात. मावशींच्या मनात एकच गोष्ट होती. आईच्या वहीतलं एक गाणं त्या मलिद्याला म्हटलं जावं, आणि नातीनं म्हणावं. गाण्याला तीन कडवी होती. मी वाचायचं, मावशींनी चाल लावायची आणि मी ते रोमन लिपीत लिहून, मावशींच्या आवाजाचं रेकॉर्डिंग जोडून नातीला पाठवायचं असा आमचा कारखाना सुरू झाला. "माझ्यानंतर हे कुणाला येणार नाही," त्या म्हणाल्या होत्या, अगदी भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तशा. त्यांनी मला पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण दिलं होतं, "आमच्या कुणाला वाचता येत नाही, तूच एक." मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आता माझ्या शनिवारांबद्दल सांगायला हवं.

लंडनमधलं माझं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. बायको अजून पुण्यात होती. नोव्हेंबरात एका बसस्टॉपवर गाडीतून जाणारी दोन पोरं मला बघून तो शब्द ओरडली. पाकिस्तानचं नाव निम्म्यात तोडून केलेला, इथे कुठल्याही सावळ्या माणसाला फेकून मारतात तो. माझी पहिली प्रतिक्रिया सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. मला राग आला तो "अरे, मी पाकिस्तानी नाही" याचा. जणू पोरांचा भूगोल सुधारला असता तर माझी तक्रार मिटली असती. ती चूक कळायला मला बरेच महिने लागले.

त्याच हिवाळ्यात ऑफिसातला एक एसेक्सचा मित्र मला फुटबॉलला घेऊन गेला. त्याच्या भावाची सीट रिकामी होती. क्लब उत्तर लंडनमधला. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं. पण गोल झाला आणि डावीकडच्या अनोळखी आडदांड माणसानं मला असं कवटाळलं की माझा चष्मा खाली पडला. त्या देशात तोवर मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी चष्मा उचलायच्या आधी त्याला परत मिठी मारली.

त्या क्लबचे पाठीराखे स्वतःला एका शब्दानं हाक मारतात. ज्यूंना हिणवायचा जुना शब्द, इंग्रजीत तीनच अक्षरांचा. मी तो इथे लिहीत नाही. पहिल्या खर्ड्यात लिहिला होता, मग खोडला. मित्रानं मला तेव्हाच समजावून सांगितलं होतं. पूर्वी या क्लबला ज्यू पाठीराखे बरेच, म्हणून विरोधी टोळ्या सरसकट सगळ्यांना तो शब्द ओरडायच्या. मग ह्यांनी तो स्वतःच उचलला. ज्यू असो नसो, सगळे तेच. मला ते भयंकर आवडलं. आपल्यावर फेकलेल्या दगडांचा ओटा बांधून त्यावर बसायचं, झकासच की! आणि मी ज्या शब्दाला बसस्टॉपवर एकटा सापडलो होतो, त्याच्या भावंडासारख्या दुसऱ्या एका शब्दात माझ्याबरोबर हजारो माणसं उभी होती. मी हात वर करून घसा बसेपर्यंत गायलो. पुढे सहा-सात वर्षं गात राहिलो.

बायकोला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. "तू कोण लागून गेलास तो शब्द वापरणारा?" ती म्हणायची. मी म्हणायचो, मी गोरा थोडाच आहे, मलाही शिव्या पडल्यात. ती म्हणायची, "म्हणजे परवाना मिळाला का तुला?" आमच्यात तो वाद भांडी घासताना व्हायचा आणि भांडी संपली की संपायचा.

आमच्या पुढच्या रांगेत एक पिकल्या केसांचा ज्यू गृहस्थ बसायचा. तोही मोठ्यानं गायचा. मी वादात त्याला साक्षीदार म्हणून उभा करायचो. त्याला मात्र मी कधी काही विचारलं नव्हतं.

लग्नाला महिना होता. दोन कडवी नातीला पाठवून झाली होती. त्या रविवारी तिसरं घ्यायचं होतं. सोफ्यावर मावशी फोन घेऊन बसल्या, मी वही मांडीवर धरून. दुसऱ्या कडव्याचं पान संपल्यावर पुढचं पान यावं म्हणून त्यांनी बोट सरकवलं. पण तिसऱ्या कडव्याचा फोटो मी आदल्या रविवारी काढायचा विसरलो होतो आणि तो त्या दिवशी सकाळी आल्याबरोबर काढला होता. मधे शनिवार होता.

व्हिडिओ आपोआप सुरू झाला. शनिवारच्या मॅचमध्ये मित्रानं माझ्याच फोनवर काढलेला. मी मधोमध, दोन्ही हात वर, तोंड उघडं, आणि आजूबाजूच्या सगळ्या घशांतून तो शब्द, पुन्हा पुन्हा. फोनचा आवाज मावशींसाठी म्हणून मीच मोठा करून ठेवला होता. मी हात पुढे केला. त्यांनी फोन बाजूला नेला आणि शेवटपर्यंत बघितला. मग परत लावून बघितला.

"हा तू?"

"हो."

"कुणाला म्हणतोयस?"

"स्वतःलाच. म्हणजे आम्ही सगळे आम्हालाच म्हणतो. मावशी, तिथे त्याचा अर्थ तसा नाहीये..." आणि मी जे सुरू झालो ते थांबेचना. इतिहास सांगितला, विरोधी टोळ्या सांगितल्या, बसस्टॉपवरची पोरं सांगितली, दगडांचा ओटासुद्धा सांगितला. पुणेकर बाजू मांडायला लागला की समोरच्याचा चेहरा बघायचं विसरतो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा रस्त्यात आम्हाला तुझा तो बसस्टॉपवरचाच शब्द पडायचा. आम्हाला बघून ज्यू कोण म्हणणार? इथल्या सिनेगॉगमध्येसुद्धा बायका विचारायच्या, तुम्ही कधी धर्म बदललात म्हणून. ह्यांना वाटायचं, चला, दुसरा शब्द तरी वाचला. मग कारखान्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, हे शनिवारी कामावर का येत नाहीत. लॉकरवर खडूनं लिहून ठेवला. ह्यांनी खिशातल्या रुमालानं पुसला. रुमाल मी भरलेला होता. तो काही घरी आला नाही."

मी म्हटलं, "पण मावशी, आम्ही ते द्वेषानं म्हणत नाही. प्रेमानं म्हणतो."

"प्रेमानं."

"हो. खरंच."

"मग वर्ष झालं तू या घरात येतोयस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला कधी सांगितलं नाहीस कुठली टीम ती. मी दोनदा विचारलं होतं. इतका प्रेमाचा शब्द, आणि तुझ्या ओळखीची ज्यू बाई मी एकच. म्हण मला. मी इथे बसलेय."

मी वहीच्या झडलेल्या कडा नीट करायला लागलो.

"म्हण," त्या परत म्हणाल्या. "हात वर नको करूस. नुसता म्हण."

सहा-सात वर्षं रोज सकाळच्या चुळीसारखा तोंडात घोळवलेला शब्द, तो त्या दिवाणखान्यात माझ्याच्यानं उच्चारवेना. आणि त्यांनी विचारलेलं खरं होतं. टीमचं नाव मी दोन्ही वेळा टाळलं होतं, एकदा तर चक्क दुसरीच टीम सांगितली होती. म्हणजे मला आतून ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं.

"चहा गार झाला," असं म्हणून मावशी उठल्या. जाताना वही त्यांनी माझ्या मांडीवरून उचलली आणि कपाटात ठेवली.

पुढच्या रविवारी मी माफी मागायची वाक्यं पाठ करून गेलो. दार उघडून त्या म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, डिअर. कम इन, इट्स फ्रीझिंग." मला वाटलं, सवयीनं आलं असेल. पण चहा इंग्रजीत झाला. हवा, कचऱ्याची गाडी, लग्नाचा हॉल, सगळं इंग्रजीत. मी मराठीत माफी मागितली. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "डोन्ट वरी अबाउट इट." रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागत होत्या. बँकेतल्या माणसाशी वागावं तशा. तिसऱ्या कडव्याचं विचारलं तर म्हणाल्या, "नो नीड, डिअर. टू इज प्लेन्टी."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघ मी सांगत होते. त्याऐवजी भांडी तिनंच घासली.

मॅचला मी अजून जातो. तो शब्द सुरू झाला की तोंड मिटतो. मित्राच्या ते दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं. मी सांगितलं तेव्हा तो दुखावला. त्याचे आजोबा ज्यू होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "मग आम्ही सगळे वाईट का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुमचं मला माहीत नाही, माझं कळलं तेवढं सांगतोय. हाफटाइमला मी पुढच्या रांगेतल्या गृहस्थाला अखेर विचारलं. तो हातातल्या सँडविचचा कागद दुमडत बसला. म्हणाला, मी गातो तेव्हा तो माझा असतो. माझा बाप तर माझ्या शेजारी उभा राहून गायचा. तू गातोस तेव्हा कधी बरं वाटतं, कधी नाही, आणि कधी काय वाटेल हे मला आधी सांगता येत नाही. मग संघ मैदानात आले आणि तो उभा राहून गायला लागला.

मलिद्याचं आमंत्रण कुणी मागे घेतलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. महिनाभर रोज जाता-येता ट्रेनमध्ये मी तो वाचत होतो. कडवं मला पाठ झालं होतं. पहिल्या दोन कडव्यांची चाल त्याला बसते हेही मी मनातल्या मनात म्हणून बघितलं होतं. नातीला पाठवायला एक मिनिट लागलं असतं. पण मावशींना न विचारता पाठवायचं म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपली म्हणून उचलायची. आणि विचारलं की त्या म्हणायच्या, "नो नीड."

मलिदा मावशींच्या मुलीच्या घरी होता. पंचवीसेक माणसं. टेबलावर मोठं ताट, पोह्यांचा ढीग, भोवती सफरचंदं, केळी, खजूर, संत्री. प्रार्थना हिब्रूमध्ये झाली. मग नात उठली, मोबाइल समोर धरून. मी लिहून दिलेल्या रोमन अक्षरांवरून ती गायला लागली. उच्चार अडखळत होते, "तुझा कृपा" म्हणत होती, पण चाल अगदी आजीची होती. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मला पहिल्या रांगेतच बसवलं होतं.

दुसरं कडवं संपलं. नात थांबली, आजीकडे वळली आणि म्हणाली, "आजी, वन मोअर आहे ना? तू सांगितला होता, तीन."

मावशींनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांत ते कडवं शब्दन् शब्द येणारा मी एकटाच होतो, आणि ते मला येतं हे त्यांनी ओळखलं होतं, कारण नात थांबली तरी माझे ओठ पुढच्या ओळीवर हलत होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर होकार शोधला. एवढंसं काही दिसलं असतं, नुसती भुवई हलली असती, तरी मी उभा राहिलो असतो.

मग नातीकडे वळून म्हणाल्या, "नो, डार्लिंग. देअर आर ओन्ली टू."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नातीनं आजीला मिठी मारली, कुणीतरी ताट उचललं, आणि मावशींनी स्वतःच्या हातानं माझ्या द्रोणात मलिदा वाढला, इतरांपेक्षा थोडा जास्तच.

रविवारी मी अजून जातो. त्या इंग्रजीत बोलतात, मी मराठीत उत्तर देतो.